डावा गाल

११ जाने. ९४, मंगळवार. पेण
रोह्याच्या स्थळाचं पत्र. मुलीचा फोटो मागितलाय. स्टुडिओतला जुना धाडला, उजव्या बाजूचा. वैशालीला विचारलं नाही. अथर्वशीर्ष म्हणताना दोनदा चुकले.

१४, शुक्रवार
शेजारच्या रुकय्याभाभींकडे तीळगूळ द्यायला वै. गेली ती कॅमेरा घेऊनच आली. त्यांच्या मालकांनी कुवेतहून आणलेला. बटण दाबून समोर जाऊन बसायचं, दहा आकडे मोजेतो फोटो आपोआप निघतो. मागल्या दारी स्टुलावर ठेवून स्वतःचेच काढत बसली. समोरून. डावा गाल उन्हात.
"दुसरं काय नाय का गो काढायला? जास्वंद बघ किती फुललीय."
"जास्वंदीला कोण बघायला येतंय, आई?"

१६, रविवार
रोह्याचा निरोप. फोटो पसंत, पुढच्या रविवारी बघायला येतात. हे खूश. वै.नं विचारलं, कुठला फोटो? सांगावं लागलं.
"मग त्यांच्यापुढे पोहे घेऊन आडवी चालत येऊ?"
हसली. जेवली मात्र नाही.
तीन वर्षांची होती. मी पापड तळत होते, कढई कलंडली. तेव्हापासून कुठेही फोटो निघायचा असला की मीच तिची हनुवटी धरून मान वळवते. लोकांनी तिला बोलू नये म्हणून. आणि मला कुणी विचारू नये, की तेव्हा तुझं लक्ष...

१८, मंगळवार
वै. म्हणाली, रोलात एकच उरलाय, तुझ्यासोबत काढू. पदर सारखा करून बसले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि माझा हात गेलाच.
"आई, सोड."
तेवढ्यात खट्ट झालं.

२१, शुक्रवार
फोटो धुऊन आले. शेवटच्यात वै. सरळ समोर बघतेय, मान ताठ. हनुवटीवर माझी बोटं. तोंड माझंच वळलंय. डाग स्पष्ट.
"उद्या बाबांबरोबर हाच धाड. बघून मग यायचं तर येऊ देत."
"आणि नाय आले तर?"
"तुझे पोहे वाचले."
मला हसू येईना.

२२, शनिवार
यांची रोह्याची साडेदहाची एसटी. पाकिटात घातला. काढला. परत घातला. वै. समोर तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. गजानना, माळ आज अर्धीच झाली.
हे चपला घालून दारातून हाक मारतायत. पाकीट या वहीखाली आहे.