येऊन जा

शारजा,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. ईश्वरीस,

अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकशील, म्हणून आधी तेच सांगतो. मला काही झालेलं नाही. साखर ताब्यात आहे, गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. हवा आता बरी झाली आहे, संध्याकाळी खाली उतरून दोन चकरा मारता येतात. तू तिकडे इंग्लंडात स्वेटर घालतेस ना? तुमच्या बँडच्या फोटोत बाकीचे तिघे कोट घालून उभे आहेत आणि तू एकटी टी-शर्टात.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आईने दर शनिवारी डायनिंग टेबलाशी बसवून शिकवलेलं थोडंफार राहिलं असेल. अडलीस तर मोठ्याने वाच, ऐकून तुला सगळं कळतं. व्हॉट्सॅपवर इंग्लिशमध्येही लिहिता आलं असतं, पण जे बोलायचं आहे ते इंग्लिशमध्ये नेलं की बिघडतं, असं अलीकडेच माझ्या लक्षात आलं आहे. का, ते पुढे येईलच.

तुझी रेकॉर्ड पोचली. ऑफिसच्या पी.ओ. बॉक्सवर आली, त्यामुळे माझ्याआधी निम्म्या ऑफिसने बघितली. रिसेप्शनवरच्या कुबराने पाकीट तिथल्या तिथे फोडायला लावलं. "सूर्यकांतभाई, ये तो सचमुच की रेकॉर्ड है. दुकान में मिलती है?" मी म्हटलं, "मिलती है. लीड्स में तो लाइन लगी थी." लाइनचं मी पदरचं घातलं. एवढी मोठी काळी तबकडी हातात घेऊन मी उभा, आणि वाजवायला घरात काही नाही. शेवटी तिनेच माझ्या मोबाइलवर अल्बम शोधून दिला, आणि मी तो घरी येताना गाडीत लावला.

म्हणजे तुझा पहिला अल्बम तुझ्या बापाने दुबईतल्या जेएलटीच्या ऑफिसपासून शारजापर्यंत जॅममध्ये बसून ऐकला. जॅमचं एक बरं असतं, माणूस मध्येच उठून जाऊ शकत नाही. अल्बम संपला तेव्हा मी अजून दुबईतच होतो, म्हणून पुन्हा लावला. तुमचा ड्रमवाला फार जोरात वाजवतो, त्याला कोणी सांगत नाही का? पहिल्यांदा तुझा आवाज कुठे तरी गिटारींच्या मागे उभा आहे असं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो पुढे आला, किंवा माझे कान पुढे गेले. आता मला सगळी गाणी क्रमाने येतात. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघतात.

बँडचं नाव 'वेट सिमेंट' का, असं एका मुलाखतीत विचारल्यावर तू हसून टाळलंस. का ते मला माहीत आहे. समोरची इमारत होत होती तेव्हा तिच्या ओल्या सिमेंटच्या फुटपाथवर तू सँडलसकट पाय दिला होतास, आणि आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनने, वलीने, ओरडायचं सोडून तुझा सँडल धुऊन दिला होता. तो ठसा अजून आहे. परवा मी आणि वली मुद्दाम जाऊन बघून आलो. वली म्हणाला, "बेबी को बोलना, हमने किसी को मिटाने नहीं दिया."

आणि तिसरं गाणं. ते खडखडत सुरू होतं, तेव्हा मला वाटलं गाडीच्याच एसीचं काही निघालं. आयुष्यभर डक्ट आणि ब्लोअरची कामं केलेला माणूस मी, दुसऱ्या सेकंदाला ओळखलं. हा आपल्या हॉलमधला एसी. तू कधी टेप केलास? आई मला दर उन्हाळ्यात त्याच्यासाठी बोलायची, आणि जगाचे एसी दुरुस्त करणाऱ्याने घरचा तेवढा केला नाही. आता लीड्सची पोरं त्या खडखडीवर माना डोलावतात. हल्ली त्याचा आवाज जास्तच घुमतो, हॉल बराच मोकळा झाला आहे ना.

आता ते गाणं, ज्याचं नाव तुम्ही अल्बमला दिलंत. 'कम, देन गो.'

गाडीत मला त्याचे शब्द कळले नव्हते. रेकॉर्डच्या आतल्या कागदावर छापलेले चष्मा लावून वाचले. माझ्या मराठीत ते असे होतात: विमानतळावर तो म्हणाला, जा आणि ये. फोनवर आता म्हणतो, ये आणि जा. शब्द दोनच आहेत त्याच्याकडे, फक्त शेवटी कुठला ठेवायचा ते त्याने बदललं.

कुबराने मोठ्या कौतुकाने एका तिकडच्या मासिकातलं परीक्षणही काढून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की, बोलावतानाच दार दाखवणाऱ्या बापाचं असं थंड चित्र बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ती वाचता वाचता थांबली. मला वाईट वाटलं, ईशू. फार वाईट वाटलं. त्या दिवशी घरी येताना मी अल्बम लावला नाही.

आई गेल्यावर वर्षभरात तू लीड्सला गेलीस. विमानतळावर मी 'जाऊन ये' म्हटलं. त्यानंतर दर रविवारी फोन ठेवताना म्हणत आलो, 'एकदा येऊन जा.' तू दर वेळी म्हणायचीस, "नेक्स्ट इयर, बाबा, प्रॉमिस." पोरगी कामात आहे, असं मी धरून चाललो. तुला काय ऐकू येत होतं, हे मला कळायला तुमचा अल्बम निघावा लागला. आई असती तर असं झालं नसतं. मी मराठीत बोलायचो, तू इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचीस, आणि ती मध्ये बसून दोघांना काय म्हणायचं आहे ते दोघांना सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी कुबराला 'येऊन जा' म्हणजे काय ते समजावलं. ती हसायलाच लागली. "भाईसाब, हम तो रोज़ 'आ जाओ' बोलते हैं. उसमें भी 'जाओ' है. आज तक कोई वापस नहीं गया." मग गंभीर होऊन म्हणाली, "उसको फोन करो, यल्ला, जल्दी." फोन मी हातात घेतलाही होता. पण फोनवर मी हवापाण्यावरच येतो, तुला ठाऊक आहे.

म्हणून इथे लिहितो. आपल्यात 'ये आणि राहा' असं कोणी म्हणत नाही, समोरच्याला ओझं वाटेल म्हणून. त्याची कामं असतील, त्याला परतायचं असेल, आपल्यासाठी तो अडकायला नको, म्हणून 'जा' आपणच आधी बोलून टाकायचा. त्या 'जा'मध्ये तुझी मोकळीक होती. माझं म्हणणं सगळं 'एकदा'मध्ये होतं, आणि तेवढाच शब्द तू गाण्यात घेतला नाहीस. गाणं मात्र चांगलं आहे. बदलू नकोस. शेवटी तू एकटीच गातेस आणि ड्रमवाला गप्प बसतो, ते मला सगळ्यात आवडतं.

इतकं लिहून मी उठलो होतो. चहा करायला गेलो आणि आठवलं की किटली वलीच्या खोलीवर गेली. पातेल्यात केला. तू हुशार आहेस, हॉल मोकळा का झाला हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. सोफा गेला, तुझं कपाट गेलं. डायनिंग टेबल तेवढं ठेवलं आहे, त्याच्यावरच लिहितो आहे.

कंपनीने माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. साठी झाली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. डिसेंबरअखेर व्हिसा खलास, फ्लॅटही तेव्हाच सोडायचा. पुण्याला तुझ्या काकाच्या बिल्डिंगमध्ये एक खोली-स्वयंपाकघर बघून ठेवलं आहे. जागा चांगली आहे, उजेड येतो. पण तिथे तुझं काही नाही. आईचंही नाही. ती या स्वयंपाकघरात वावरली, तू या खिडकीत उभी राहून शाळेची बस बघायचीस. मी गेलो की या पत्त्यावर आपलं कोणी नसेल, आणि जन्मलीस त्या गावात तुला टुरिस्ट व्हिसावर उतरावं लागेल.

सप्टेंबरपासून मला हे माहीत होतं. तेव्हापासून फोनवर 'येऊन जा' म्हणताना मी हेच सांगत होतो. तुला वेगळंच ऐकू येत होतं, त्याला तू काय करणार.

तुमचा दौरा डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत आहे, हे मी तुमच्या वेबसाइटवर बघितलं. एकही कार्यक्रम रद्द करू नकोस. ड्रमवाल्याला मी काय म्हटलं ते सांगू नकोस. एसी आणखी खडखडतो आहे, आणि मी तो दुरुस्त करणार नाही. तुला ऐकायचा असेल.

शेवटची ओळ सवयीने लिहायला घेतली होती. अर्ध्यावर थांबलो. या वेळी तिच्यातला एकच शब्द लिहितो, तुझ्या गाण्यात शेवटी हवा होता तो.

ये.

बाबा