एका चुलीवरची माणसं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सही करणार नाही! तोंडावर सांगून आलो.

भिवंडीतल्या टेमघरच्या यंत्रमाग गल्लीचा माझा आकडा ऋतिका मॅडमना पटत नाही. मॅडम मुंबईच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. आरोग्य, रोजगार, घरखर्च — देशभरच्या तीन वेगळ्या पाहण्या एकत्र करायचं काम त्यांच्याकडे. बेत चांगला आहे, मी कबूल करतो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एकेका पाहणीत भिवंडीची शितं किती? मूठभरसुद्धा नाहीत. तिन्ही मिळवल्या की आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

पण आधीच्या दोन पाहण्यांत जानकीबाईच्या बिस्सीत कोणीच राहत नाही! तिसरी पाहणी इथं मी केली, तीत एकोणचाळीस जण. मॅडम म्हणाल्या, "मिलिंदजी, तुमचाच आकडा वेगळा पडतोय. काढून टाका आणि सही करा."

वेगळा का पडतो? मी आत गेलो म्हणून! आधीच्यांनी दारातूनच 'खानावळ' लिहिलं आणि निघाले. बिस्सी म्हणजे नुसती खानावळ नव्हे; मागावरचे कामगार तिथं जेवतात आणि तिथंच झोपतात. वर्षानुवर्षं. या गल्लीला दवाखाना मागितला की उत्तर ठरलेलं — तिथं वस्तीच नाही. वस्ती कशी नाही? या, दाखवतो.

४ नोव्हेंबर

घरी कलावती म्हणते, "करून टाका की सही. पुढच्या फेरीचं काम जाईल हातचं. तुमच्या सहीवाचून देश अडलाय का?"

अडलाय!

५ नोव्हेंबर

मॅडमनी फोनवर माझी चूक काढली. मी सगळी बिस्सी एकच कुटुंब धरली होती — चूल एक, कुटुंब एक. त्या म्हणतात, खानावळीत राहणारा प्रत्येक जण म्हणजे त्याचं एकट्याचं कुटुंब. सूचनांचं पान काढून पाहिलं. तसंच आहे.

बरं. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांवर. पण छापलेलं पान मी नाकारत नाही. मग एक कुटुंब नाही, एकोणचाळीस कुटुंबं! त्यांना वाटलं मी आता गप्प बसेन. म्हटलं, "एकेकाचा वेगळा फॉर्म भरतो."

मग म्हणाल्या, "तेवढं करा. मुंबईत मी भांडते."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी माग बंद. एरवी दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच्याच जागेवर आडवा होतो. आज सगळे एका खोलीत. मी आणि माझ्याबरोबर पाहणीचं काम करणारी प्रियंका, दोघं जाऊन बसलो.

इश्तियाक, आझमगढचा, सगळ्यांत वडील. म्हणाला, "साहब, नाम काहे को? सर गिन लो."

"नाम के बिना कैसे चलेगा? कोई दो बार गिना गया तो?"

"एक बार तो गिने नहीं गए अब तक, दो बार कहाँ से!"

अख्खी खोली हसली. मीही हसलो. जानकीबाईनं चहा दिला. "लिव बाबा, माजी पोरा हायेत सगली."

एकजण न विचारता आधार कार्ड काढून पुढे करत होता. नको म्हटलं. गाव, तहसील, जिल्हा मात्र प्रत्येकाकडून नीट विचारून घेतलं. दोन रामपूर निघाले, ते वेगळे केले.

बाहेर आल्यावर प्रियंका म्हणाली, "काका, तहसील कशाला विचारलंत? फॉर्मात रकाना पण नाही. नंतर नंतर कोणी हसत नव्हतं, बघितलंत ना?"

मी म्हटलं, काम करायचं तर पक्कं करायचं.

८ नोव्हेंबर

फॉर्म दिले. मॅडम एकेक चाळत होत्या. "असं काम मी पाहिलं नव्हतं," म्हणाल्या. मला माहीतच होतं.

११ नोव्हेंबर

मुंबईवाल्यांचा विश्वास बसत नाही. फेरतपासणी, शुक्रवारी. मॅडम स्वतः येणार आणि त्या दिवशी सापडेल तोच आकडा तिन्ही पाहण्यांत मिळवणार.

या की! खुशाल या. चटईवर बसवतो, एकेक नाव हाक मारून उभं करतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खोलीला कुलूप. जानकीबाई पायरीवर बसलेली.

"नाव-गाव, तहसील, सगला लिवून नेलास. कुनीतरी बोलला, आता पोलीस येतील. परवा गेली सगली. कुठं गेली, मना ठावं न्हाय."

मॅडमनी फॉर्म पुढे केला. राहणारे — कोणी नाही. आता तिन्ही पाहण्या जुळतात.

सही केली.