बाईंच्या हाताखाली

७ नोव्हेंबर १९६५. सालवड.
आणि मी काय म्हणतो, हाताखाली म्हणजे काय? पगार वरून येवो नाहीतर खालून, खिशातच पडतो ना? पण आमच्या वडिलांना, आबांना कोण सांगणार. गावचा तात्या गिरणीतून सुट्टी काढून इकडे काय आला, मला जीपमध्ये बाईंच्या शेजारी काय बघितलं, आणि गावात जाऊन सांगितलं की दौल्या बाईमाणसाची पिशवी धरतो. पिशवी नाही. मोजणीची काठी धरतो. तांबडी-पांढरी. ती सरळ धरायला अक्कल लागते.
आबांचा निरोप आलाय. भात झोडायला गडी नाही, येऊन घेऊन जातो म्हणे. घेऊन जायला मी काय म्हैस आहे?

८ नोव्हें.
बाई इंजिनीअर आहेत. विजेचे मनोरे कुठून कुठे जाणार ती ओळ त्या आखतात. कॉलेजात पोरगी म्हणून एकट्याच होत्या. मास्तर रोज वर्गात येऊन ‘गुड मॉर्निंग जंटलमेन’ म्हणायचे आणि ह्या रोज मोठ्यानं ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायच्या. मैत्रिणीला घेऊन मोटारीनं इराणपर्यंत जाऊन आल्यात. मी विचारलं, रस्ता कुणी दाखवला? म्हणाल्या, ज्याला त्याला विचारला, ज्यानं त्यानं वेगळा दाखवला.
फेब्रुवारीत त्यांची बदली हिमाचलला. जीपनंच जाणार. म्हणाल्या, तोवर लायसन काढलंस तर बरोबर न्यायला तुझं नाव घालते. काठी धरणारा खलाशी म्हणून नाही. ड्रायव्हर म्हणून.
हिमाचल. बर्फ असतो म्हणे.
आजवर शिकलो ते: जीप सुरू करणे. जीप बंद पडणे.

११ नोव्हें.
काल दांडी गावाला किनाऱ्यावर काठ्या ओळीत रोवून आलो. आज जाऊन बघतो तर काठ्यांना दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या लटकवलेल्या. आणि काठ्याही आपल्या जागेवर नाहीत. उपटून, वाळवणाला सोयीच्या म्हणून सारख्या अंतरावर पुन्हा ठोकल्यात.
कोळीवाड्यातली हिरामावशी कमरेवर हात ठेवून उभी. “आमाला वाटला सरकारनं काठ्या दिल्या. रंग पण लावून दिला हाय.”
“मावशी, मोजणीच्या हायत त्या.”
“मग मोज की. बोंबील नाय मोजता येत तुला?”
आमचा मुकादम तापला. “मेमसाब, बोलो तो अभी उखाड़ देता हूँ.”
बाई म्हणाल्या, “उखाडा. मग मावशींचे बोंबील तुम्ही हातात धरून उभे राहा.” मुकादम बिडी पेटवायला लांब गेला.
बाईंनी मावशीला विचारलं, किती दिवसांत वाळतील? ऊन असला तर तीन. ठीक, म्हणाल्या, तोवर बेटेगावच्या बाजूचं काम उरकू. दौलत, तू इथं थांब, काठ्या सांभाळ.

१३ नोव्हें.
आबा आले. यायचं ते आजच.
बोईसरला उतरून विचारत विचारत थेट दांडीत. मी बोंबलांच्या खाली बसून कावळे हाकत होतो. आबा माळकरी. उपरणं नाकाला लावून लांबूनच बघत राहिले. मग म्हणाले, “हे व्हय रं इंजनेरी काम? कावळं हाकाया एवढ्या लांब आलास? आपल्या शेतात कावळं न्हाईत?”
मी आणखी एक कावळा हाकला.
तेवढ्यात बाईंची जीप आली. आबांनी आगगाडीत बसून भाषण पाठ केलं होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. बाई म्हणाल्या, “बसा आबा, दमला असाल.” मागच्या बाजूला हिरामावशीनं दिलेली बोंबलांची टोपली. आबा पुढं बसले.

१४ नोव्हें.
काल लिहिता लिहिता झोपलो. पुढचं:
ओल्या वाळूवरून येताना जीपचं चाक रुतलं. भरतीचं पाणी यायला लागलेलं. बाई खाली उतरल्या, पदर खोचला. “दौलत, तू चालव. मी नि आबा ढकलतो.”
स्टिअरिंगला बसलो. इथं गाडी बुडाली तर हिमाचल बुडालं, आणि तेही आबांच्या समोर. एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. बाई मागून म्हणाल्या, “हँडब्रेक काढलास का?”
नव्हता काढला.
आबा हाशहुश करत बाईंना म्हणाले, “घरी बैल बी असाच हाकतो. कासरा खुट्याला बांधल्याला आन वर चाबूक.”
तिसऱ्यांदा निघाली. अशी निघाली की बरीच लांब गेल्यावर थांबली. मागं वळून बघतो तर बाई आणि आबा चिखलानं एकाच रंगाचे. ओळखायचे ते फेट्यावरून.

१५ नोव्हें.
आबांचं भाषण झालंच नाही. चहा पिताना बाईंना एवढंच विचारलं, “तुमी एवढं लांब लांब जाताय, घरची काय म्हणत्यात?”
“आई म्हणते, येऊन घेऊन जाते.”
आबांनी बशी खाली ठेवली. “मग? आलती का?”
“इराणला कुठली येते, आबा.”
आबा हसले. माझ्याकडे बघितल्यावर थांबले.
स्टेशनवर मला म्हणाले, “जा म्हणत न्हाय, जाऊ नगं बी म्हणत न्हाय. तुज्या जागी गडी ठिवतो. त्येचं पैसं तू धाडायचं. ज्या म्हैन्याला आलं न्हाईत, त्या म्हैन्याला म्या येतो.”
मी म्हणालो, हिमाचलला? “का? बाईंच्या आईवानी मला परमुलूख थोडाच आडवा हाय?”

१ डिसें.
लायसनची परीक्षा पुढल्या महिन्यात, ठाण्याला. हँडब्रेक आता काढतो. लावायचा राहतो. काल जीप एकटीच मुकादमाच्या मागं गेली. बाईंनी अजून माझं नाव घातलेलं नाही. घालणार नाही असंही म्हणाल्या नाहीत.
पगार झाला. पोस्टात जाऊन आबांच्या नावानं मनिऑर्डर केली, गड्याचे तीस रुपये.