बॉनेट बसत नाही

१७ जानेवारी १९६२, बुधवार

आजही बसलं नाही. पुढचा खटका लागायला दोन बोटं कमी पडतात. बाबा म्हणाले, "दाबू का जोरानं?" मी म्हटलं, नको. एअर फिल्टरच्या डोक्यावर टेकतंय. दाबलं तर पत्रा वाकेल, जागा होणार नाही.

गाडी १९३८ ची, कुण्या जमीनदाराच्या गोठ्यात पडून होती. मूळ इंजिन फुटलेलं. बाबांनी त्यात जुन्या लॉरीचं इंजिन बसवलं. चालतं छान, पण उंच आहे. बाबा जन्मभर रेल्वेत लोको फिटर. रिटायर होऊन कारखान्याच्या वसाहतीत, केवलदादाच्या या सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हापासून मागच्या अंगणात हेच.

१९ जानेवारी

गोंदियाहून आनंदमामा आले. स्थळ घेऊन! मुलगा रेल्वेत क्लार्क. घरची माणसं चांगली. "फक्त नोकरी सोडा लागन पोरीले. त्यायच्या घरच्या बाया बाहेर जात नाहीत."

मी चहाचे कप उचलले.

बाबा म्हणाले, "गाडी सडकेवर निघू दे. मंग पाहू."

"भाऊजी, गाडीचा अन् लग्नाचा काय संबंध?"

"शेडमंदी एक इंजिन निघाल्याबिगर दुसरं दुरुस्तीले पिटवर घेतलं नाही म्या. आता कावून घेऊ?"

मामा हसले. बाबा हसले नाहीत. एकदा बोलले की बोलले — सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे माझं लग्न त्या दोन बोटांवर अडलं आहे.

२१ जानेवारी, रविवार

बाबांनी इंजिनाच्या खालच्या गाद्या काढून पातळ बसवल्या. इंजिन तीन सूत खाली आलं — साडेनऊ मिलिमीटर. (बाबा सुतात बोलतात, कारखान्यातलं माझं ड्रॉइंग ऑफिस मिलिमीटरमध्ये. मनातल्या मनात बदलत बसते.) पण आता खाली अडचण! मी तेलाच्या टाकीच्या बुडाला चिकणमातीचा गोळा लावला. दादाला बंपरवर उभं राहून उड्या मारायला सांगितलं.

"मले काय माकड समजली का?" — पण मारल्या. मातीचा पार कागद झाला. टाकी एक्सलवर आपटणार. खड्ड्यात चाक गेलं की तेल सडकेवर. आणखी खाली नेता येत नाहीच, उलट वर घ्यावं लागेल.

मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच भीती वाटली.

२२ जानेवारी

बाबांनी जुन्या गाद्या परत बसवल्या.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. फिल्टर काढला, कार्ब्युरेटरच्या तोंडावर कणकेचा गोळा ठेवला, बॉनेट लावलं. यावेळी खटका लागला. उघडून गोळ्याची जाडी मोजली. वर जागा किती, ते त्यावरून कळतं.

आई दारातून — "अवं, घरात माणसं कमी हायेत का? आता मोटारीले कणीक चारता?"

जागा चाळीस मिलिमीटर. फिल्टरला सत्तर हवी.

दादा म्हणाला, "छेद मारो बोनेट में, बात खतम." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सायकल काढून बाहेरच गेला. पत्रा कापायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

२७ जानेवारी

उपाय सापडला.

दुपारी, ऑफिसात बोर्डावर गॅसलाइनचा एल्बो — पाइपचं कोपरासारखं वळण — काढताना. फिल्टर डोक्यावर असायलाच हवा कशाला? कार्ब्युरेटरवर चपटा, आडवा एल्बो बसवायचा आणि फिल्टर बाजूला न्यायचा. पस्तीसमध्ये बसेल. डाव्या बाजूला नाही — रेस दिली की इंजिन डावीकडून उचललं जातं, मी पाहिलं आहे. उजवीकडे.

इतकं सोपं. घरी काही सांगितलं नाही.

२९ जानेवारी

ट्रेसिंगवरून, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज गिरवण्यावरून, मला डिझाइनच्या बोर्डावर बसवून महिनाही झाला नाही. आज ऑफिसचे हेड म्हणाले, काम स्वच्छ आहे. त्यानंतर एकाच रेषेवर दोनदा चुकले.

घरी बाबा कंदील धरून बॉनेटखाली वाकलेले. "नले, काही सुचून राहिलं का?"

"बघते," म्हटलं. खोटं नाही. पण खरंही नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

अष्टग्रहीचा दिवस. आठ ग्रह एका राशीत. दुर्ग शहरात यज्ञ, सेक्टरमध्ये कीर्तन, शेजारच्या ठकूबाईंनी अंगणातली खाटसुद्धा आत नेली. जग बुडणार म्हणे. आमच्याकडे इंजिन.

बाबा पान्हा खाली ठेवून उभे राहिले. थकलेले. मग सरळ विचारलं, "तू मापाची पोरगी. खरं सांग. बसते का नाही हे?"

मापाबद्दल विचारलं. दुसरं काहीही विचारलं असतं तर टाळलं असतं.

"बसतं," मी म्हटलं. एल्बो काढून दाखवला. बाबांनी कागदावरची मापं बोटानं एकेक करून तपासली. एवढंच म्हणाले, "हो. बसन."

जग बुडलं नाही.

७ फेब्रुवारी

बाबांनी पत्र्याचा एल्बो वळवला, जोडला. बॉनेट खाली आलं. खट्! इंजिन चालू, पूर्ण रेस — कुठे घासत नाही. एल्बोवर ठेवलेल्या कणकेवर ओरखडासुद्धा नाही. काम बरोबर झालं याचा आनंद झाला, हे लिहून ठेवते. झाला.

सेक्टर ६ च्या बाजारापर्यंत फेरी मारली. आई मागे पदर सावरून, राणीसारखी. पोरं मागे धावली. बाबा स्टीअरिंगवर, नजर सडकेवर.

परत आल्यावर मामांना निरोप. रविवारी या.

८ फेब्रुवारी

आईनं विचारलं, राजीनामा कोणाकडे द्यावा लागतो. म्हटलं, चौकशी करते. जेवले नाही. पोट दुखतं सांगितलं.

९ फेब्रुवारी

बोर्डावरचं काम पूर्ण केलं. उशिरापर्यंत थांबून नाही — मुद्दाम दिवसाच, सगळ्यांच्या देखत. पेन्सिली घरी आणल्या नाहीत, बोर्डावरच ठेवल्या — परत यायचंच असल्यासारख्या.

आईनं लाडवांना रवा भाजला. बाबांनी विचारलं, "त्या मुलाच्या घरी मशीन चालवनारं कोनी हाये का?" आई म्हणाली, "शिलाईची असन." बाबा उठून अंगणात गेले.

१० फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसातून आले तर चेन-पुलीला इंजिन लटकत होतं. गाडीचा पुढचा भाग पोकळ. बाबा चिंधीला हात पुसत होते.

"हेड गॅस्केट गळून राहिलं होतं. सारं खोला लागलं. दुपारच्या पॅसेंजरच्या गार्डाजवळ गोंदियाले निरोप धाडला — गाडी झाली नाही, येऊ नका."

मी इंजिनाच्या हेडच्या जोडावरून, जिथून गळायला हवं तिथून, बोट फिरवलं. सगळीकडून. कोरडं. आणि गॅस्केटसाठी इंजिन उतरवावं लागत नाही.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

आई दारात आली. "खरंच गळत होतं का वं, नले?"

"हो," मी म्हटलं. "बरंच."