फेडरवरचा तिचा हात

१२ फेब्रुवारी २०१९, मंगळवार

स्टुडिओत कंट्रोलर आला. सरांनी, स्टुडिओ त्यांचाच, मला न विचारता मागवला. नऊ फेडर, म्हणजे वरखाली सरकवायच्या खुंट्या, आणि आठ नॉब. जोडला, सॉफ्टवेअरने लगेच ओळखला. पहिल्या फेडरला गाणाऱ्याच्या आवाजाची पातळी दिली, दुसऱ्याला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा. गाणं चालू असताना फेडर हलवला की हाताची ती हालचाल गाण्यात लिहिली जाते. पुढच्या वेळी गाणं आपोआप तसंच वरखाली होतं.

मला गरज नव्हती. तीन वर्षं मी हेच माउसने करते. एकेका शब्दावर बिंदू ठेवून.

सर म्हणाले, "सोमवारपासून एक मुलगी येतेय. हात चांगला आहे म्हणतात तिचा."

कोण म्हणतं ते सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

शीतल. वैजापूरची. वडिलांची मार्केट यार्डात कांद्याची आडत. पुण्यात साउंडचा छोटा कोर्स केलाय. भाऊ वाळूजला कंपनीत आहे, त्याच्याकडे राहते. संध्याकाळी तो बाइकवर घ्यायला येतो आणि खालून हॉर्न वाजवतो. रेकॉर्डिंग चालू असलं तरी.

तिचा पहिला प्रश्न: "मॅडम, इथं पाणी कधी येतं?" म्हटलं, औरंगपुऱ्यात सहा दिवसांनी, कधी आठ. आलं की पाळी असेल त्याने खाली जाऊन स्टुडिओचे ड्रम भरायचे. "मग लई बरंय. आमच्याकडं टँकर आला की आधी भांडण भरतेत, मग पाणी." स्वतःच हसली.

मोड समजावले. रीडवर असताना सॉफ्टवेअर आधी लिहिलेलं फक्त वाचतं. राइटवर असताना प्ले दाबलं की आधीचं सगळं पुसून नवं लिहीत जातं. म्हणून इथला नियम: ज्याने रेकॉर्ड केलं त्याने खुर्ची सोडण्याआधी ट्रॅक रीडवर आणायचा. हा नियम माझा आहे.

"व्हय मॅडम. उठायच्या आधी रीड."

लवकर शिकते. हे मला आवडलं नाही.

२६ फेब्रुवारी

निर्मलाताईंचं काम सुरू. शहरातल्या अर्ध्या बायका त्यांच्याकडे गाणं शिकल्यात. माझी आईसुद्धा, लग्नाआधी दोन वर्षं. ताईंचा स्वतःचा हा पहिलाच आल्बम. आठ भावगीतं, चाली त्यांच्याच. आता साठी उलटली आहे, दम पुरत नाही. ओळीचा शेवटचा शब्द खाली बसतो. तो उचलून धरायचा, आणि उचललाय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. काम एवढंच.

पहिलं गाणं मी केलं. तीन दिवस. ताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे."

घरी येईपर्यंत खूश होते. मग वाटलं, स्वच्छ तर घासलेल्या भांड्यालाही म्हणतात.

५ मार्च

सरांनी आज दोघींना समोर बसवून सांगितलं. बीड बायपासला नव्या इमारतीत दुसरा स्टुडिओ होतोय. मोठी खोली, बाहेर वेगळी बसायची जागा. इमारत पाच मजली, बोअरला पाणी नाही, तरी फ्लॅट सगळे गेलेत. तो स्टुडिओ दोघींपैकी एकीकडे द्यायचा. "पूर्ण तिच्याकडे. मी तिथे लक्ष घालणार नाही. कुणाकडे ते ताईंच्या आल्बमवरून ठरवू."

इथली प्रत्येक वायर मी ओढली आहे. फरशीखालून कुठली केबल कुठे जाते ते सरांनाही माहीत नाही.

मला ती खोली हवी आहे. स्पष्ट लिहून ठेवते. नंतर हवीच नव्हती असं म्हणायला नको.

८ मार्च

दुसरं गाणं शीतलने केलं. एका बैठकीत. उजवा हात मांडीवर, डावा फेडरवर, पडद्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेवटच्या ओळीला मान थोडी वाकली, आणि संपलं.

सर "वा" म्हणाले. मला तीन वर्षांत "झालं का?" एवढंच म्हणत आलेत.

मत्सर. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

१२ मार्च

आज सगळ्यांच्या आधी आले. तिच्या फेडरच्या हालचालीची पडद्यावरची रेघ मोठी करून पाहिली. माझी रेघ म्हणजे बिंदू, सरळ, बिंदू. तिची नुसती थरथर. हजारो बारीक बिंदू, निम्मे बिनकामाचे. आधी बरं वाटलं. मग गाण्याची लहर खाली ठेवून ताडून पाहिली. ताईंचा आवाज पडायला लागतो त्याच्या जरा आधीच तिची रेघ चढायला लागलेली असते. प्रत्येक ओळीला. माझी रेघ शब्द पडल्यावर चढते. मी पडलेलं उचलते. ती पडू देत नाही.

तेच गाणं मी हाताने करून पाहिलं. चार वेळा. हात उशिराच पोचतो. पुसून टाकलं. ती आली तेव्हा मी केबल गुंडाळत होते.

१५ मार्च

न राहवून विचारलं. सहज विचारल्यासारखं.

तिचे चुलते गावातल्या भजनी मंडळात गातात. आठवीपासून पेटीवर ही. म्हणाली, काकाला दमा आहे; त्याचा दम संपायच्या आधी भात्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. पट्ट्यांवरची बोटं कुणीही शिकतं, डाव्या हाताचंच अवघड. "फेडर म्हंजे भाताच हाय मॅडम. नुसता आडवा घालायचा त्याऐवजी उभा."

हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. मी बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. पेटीला आयुष्यात हात लावलेला नाही. आमच्याकडे शोकेसवर एक होती, तिच्यावर फोन ठेवायचे.

तिने मोकळेपणाने सांगितलं याचा जास्त राग आला. लपवलं असतं तर निदान...

२३ मार्च

कूलर बंद. त्यात ओतायला पाणी नाही. खिडकी उघडावी तर समोरच्या बांधकामाची धूळ. फेडरमध्ये कचकच यायला लागली. सगळे खोलून साफ केले. तिचा पहिला फेडरसुद्धा. तो जास्त वेळ पुसला. का, माहीत नाही.

तिसरं गाणं मी दिलं, चौथं तिने. ताईंनी दोन्ही ऐकली. पाचवं ऐकून ठरवते म्हणाल्या; उरलेली गाणी मग एकीनेच करायची. पाचवं शीतलकडे. सरांनी चिठ्ठी टाकली, तिचीच निघाली, माझ्याबाबत अन्याय वगैरे काही नाही.

आई रोज विचारते, निर्मलाताईंनी तुझं कौतुक केलं का.

३ एप्रिल, बुधवार

घडलं तसं लिहिते.

ताई अकराला आल्या. शीतल पाचव्या गाण्यावर शेवटचा हात फिरवत होती, राइट मोडमध्ये. या गाण्याचा शेवट तिने असा केला होता की आवाज हळूहळू लांब जातो आणि रिव्हर्ब पूर्ण उघडतो. हात थांबला, गाणं संपलं, आणि त्याच क्षणी जिन्यातून ओरडा आला, पाणी आलं. दहावा दिवस होता आज. पाळी तिची. ती पाइप घेऊन तशीच खाली पळाली.

ट्रॅक राइटवर राहिला.

सरांनी गाणं सुरुवातीला नेलं आणि प्ले दाबलं. त्यांना मोड कळत नाहीत. शेवटाला फेडर जिथे होते तिथूनच गाणं सुरू झालं. आवाज तळाला, रिव्हर्ब पूर्ण. आणि तिने केलेलं सगळं पुसलं जाऊन तसंच नवं लिहिलं जायला लागलं. ट्रॅकवरचा लाल दिवा मला पहिल्या शब्दाला दिसला.

ताई म्हणाल्या, "मी काय विहिरीत उभी राहून गातेय का हो?"

सर ओशाळले. नवीन आहे मुलगी म्हणाले, आणि माझ्याकडे हात केला. उरलेली सगळी मृणालकडून करून घेऊ, ताई, तुम्ही काळजी करू नका.

म्हणजे खोलीचं ठरलंच होतं. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. मी बसले. ध्रुवपद गेलं. पहिला अंतरा गेला. खालून बादल्यांचे आवाज आणि शीतल कुणाला तरी नंबर लावा म्हणून दटावत होती. लाल दिवा चालूच. चांगली रेघ माझ्या डोळ्यांसमोर सपाट होत चालली होती. मग सरांचा हात कीबोर्डकडे गेला. त्यांना उगाच सेव्ह दाबायची सवय आहे.

मी स्टॉप दाबलं. म्हटलं, "थांबा. हे तिचं नाहीये."

अनडू. रीड. पुन्हा सुरुवातीपासून.

ताईंनी पूर्ण ऐकलं. मग परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर पदराने चष्मा पुसत राहिल्या. म्हणाल्या, "माझा दम इतका होता कधीतरी. पंचवीस वर्षांपूर्वी."

शीतल वर आली तेव्हा कोपरापर्यंत ओली होती. काय झालं ते तिला कळेना. ताईंनी तिचा डावा हात हातात घेतला. उरलेली तीन गाणी तिची.

मी ड्रमला झाकण लावायला खाली गेले. झाकण लावलेलंच होतं.

४ एप्रिल

का थांबवलं, याचा विचार करते आहे. तिच्यासाठी नाही. चुकीचं काहीतरी लिहिलं जात होतं आणि ते बघवेना, एवढंच. समोर दुसऱ्या कुणाची रेघ असती तरी थांबवलं असतं. अंतरा संपायच्या आधी थांबवलं असतं.

९ एप्रिल

सरांनी शीतलला त्या दिवशीचं सांगितलं असावं. आज जेवताना डबा बाजूला सारून म्हणाली, "तुम्ही गप बसला असता तर?"

"बसले होते. एक अंतरा."

तिने कांदा हातात घेतला. मग म्हणाली, "मी तर पूर्ण गाणं बसले असते मॅडम." आणि कांदा फोडून अर्धा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

हिच्यावर धड रागवताही येत नाही. त्याचाही राग येतो.

२० एप्रिल

आठही गाणी झाली. शेवटचं ऐकायला मी थांबले नाही, यूपीएसची बॅटरी बदलायची होती. दाराबाहेरूनही ऐकू येत होतं.

संध्याकाळी सरांनी मला एकटीला बोलावलं. बायपासचा स्टुडिओ शीतलला. माझ्यासाठीही त्यांनी विचार केलाय: दोन्हीकडचं टेक्निकल मी बघायचं. तिथलं वायरिंग, खोलीचं ध्वनिरोधन, मशीन बसवणं, सगळं माझ्या मनासारखं. "तुझ्यासारखं काम शहरात कुणी करत नाही, मृणाल." तीन वर्षांतलं पहिलं कौतुक. नेमकं या दिवशी.

म्हणजे ती जिथे बसणार ती खोली मी बांधायची.

२९च्या सोमवारपर्यंत विचार करून सांगते म्हटलं. आईला अजून काही सांगितलं नाही.

२४ एप्रिल

सरांनी खोली तरी बघून घे म्हटलं म्हणून बायपासला जाऊन आले. स्कूटीवर धूळ एवढी की पांढरी ओढणी तपकिरी झाली. खोली चांगली आहे. खूप चांगली आहे. समांतर नसलेल्या भिंती. कुणीतरी डोकं वापरलंय. मधोमध उभी राहून टाळी वाजवली, आवाज कसा विरतो ते ऐकलं. डाव्या कोपऱ्यात थोडी गडबड आहे, पण ती काढता येईल. कशी, ते तिथेच सुचलं. मोजमापं घेतली.

मग लक्षात आलं की मी टेबल डाव्या हाताने काम करणाऱ्या माणसाच्या सोयीने मांडत होते. मोजमापं फाडून टाकली. पाठ आहेत.

२८ एप्रिल, रविवार

दुपारी शीतलचा फोन. गावी गेली आहे. मागे टँकरचा गोंगाट.

"ताई, ती खोली तुम्ही घ्या." पहिल्यांदाच मला ताई म्हणाली. "मला नको. मी सरांना सांगते तसं."

मी म्हटलं, "मी मागितली का तुझ्याकडे?"

"नाय."

"मग?"

"मला फेडरपुरतं येतंय. मशीन बंद पडलं की मी तुमच्याच तोंडाकडं बघते. तिथं कुणाकडं बघू?"

ते खरं आहे. खोटं असतं तर उत्तर देता आलं असतं. तेवढ्यात तिला कुणीतरी नंबर आला म्हणून हाक मारली आणि फोन कटला.

चारला सरांचा फोन: उद्या दहाला ये, नव्या जागेचं जरा वेगळं बोलायचंय. आवाजावरून काही कळलं नाही. वेगळं म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

तिने सांगितलंय की नाही? सांगितलं असेल तर उद्या सर म्हणतील खोली तुझी, आणि ती त्यांनी दिली की तिने, हे मला कधीच कळणार नाही. सांगितलं नसेल तर तिला अजून अडवता येईल. दोनदा फोन लावला. उचलत नाही. पाणी भरत असेल.

अडवायचं आहे का मला?

खोली हवी आहे. ५ मार्चला लिहिलं तेवढीच हवी आहे. फक्त तिच्या हातून नको. आणि आता दुसऱ्या कुणाच्या हातून मिळण्यासारखी...

तिसऱ्यांदा लावते.