नाकाखालची रेघ

सोमवार, ५ जुलै
गाडीतून उतरताना स्वतःलाच म्हटलं, ओनेझिम, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वाइनसाठी पिंपं बनवलीस, आता महिनाभर नदीकाठी पाय पसरून बस. खोली झकास आहे. खिडकीखाली ल्वार नदी, पलीकडे वाळूचे पट्टे, मागे किल्ल्याचा बुरूज. घरमालकीण मादाम पिशों विधवा आहे, बोलायला गोड. आल्या आल्या तिनं मला खालच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि पेन्सिलीनं रेघ मारली. पाहुण्याची उंची घेणं ही म्हणे घराची रीत. रेघ आली नाकाखाली. मी म्हटलं, बाई, माझं डोकं अजून वर आहे. ती म्हणाली, मस्यु, आमच्याकडे इथपर्यंतच मोजतात. दोघंही हसलो. जेवायला नदीचा मासा होता, लोण्याच्या पांढऱ्या रश्श्यात. क्लोतिल्दला पत्र टाकलं: बहिणीकडचं आटोपून सतराला, शनिवारी ये. बायकोशिवाय सुट्टी म्हणजे बुचाशिवाय बाटली.

बुधवार, ७ जुलै
बोटांची खोड जात नाही. पिंप रिकामं असलं की ठोकल्यावर घुमतं, भरलेलं असलं की बद्द वाजतं. या एवढ्या विद्येवर मी कारखाना उभा केला. आज बूट चढवताना सहज भिंत ठोकली. वर घुमली. घोट्याच्या खाली बद्द. भरलेली. पण नदी तर आटली आहे, लोक वाळूवर लोखंडी गोळे फेकून खेळतात.
कॅफेत बाझिल नावाड्याला हे सांगितलं. त्यानं विचारलं, तिनं रेघ मारली का? हो म्हटल्यावर ग्लास अर्धा टाकून उठला. मालक म्हणाला, बाझिलनं वाइन टाकली, आज गावात नक्की कोणीतरी मेलंय. कोणी हसलं नाही.

शनिवार, १० जुलै
भिंत गुडघ्यापर्यंत भरली. माझे पायही जड झालेत. संधिवात असेल म्हणून गमतीनं नडगी ठोकली. बद्द. पिंपाचाच आवाज.
मादाम बाजारात गेली तेव्हा चौकटीचा रंग चाकूनं खरवडला. खाली रेघा. अकरा मोजल्या. प्रत्येकीशेजारी नाव, सगळी परगावची. काही रेघा जरा खाली होत्या. बायकांच्या असाव्यात.

मंगळवार, १३ जुलै
कमरेपर्यंत. स्टेशनकडे निघालो, पुलापाशीच दम संपला. बाझिलनं हातगाडीवर घातलं आणि गाडी उलटी फिरवली. अरे, स्टेशन तिकडे, म्हटलं. तो म्हणाला, मस्यु, आजोबांच्या वेळच्या पुरात नदीनं आमची अर्धी आळी नेली. मग पिशोंच्या घरानं तिच्याशी ठरवून घेतलं. तुम्हाला सोडलं तर ती आमच्यातला मागेल, आणि मला दोन मुली आहेत. ढकलताना रडत होता. ढकलायचा मात्र थांबला नाही.
माझं जे व्हायचं ते होईल. क्लोतिल्दनं या दारात पाय ठेवता कामा नये. तसं पत्र लिहिलं. जिना उतरवेना, तेव्हा मादामलाच दिलं. तिनं आनंदानं टपालात टाकलं.

शुक्रवार, १६ जुलै
छाती ठोकली. गळ्यापर्यंत बद्द.
क्लोतिल्दचं उत्तर आलं. लिहिते, म्हाताऱ्या, पत्र पिंपात बुडवून पाठवलंस का? शाई सगळी धुऊन गेली होती, अक्षर वाचता येईना, गाळाचा वास येत होता. दुपारच्या गाडीनं येतेच आहे, मग काय ते तोंडानं सांग.
तोंडानं — बोललो की नुसतं गुळगुळ होतं —
मादाम चादर बदलून गेली. दोन उशा ठेवल्या.

शनिवार
ओठांपर्यंत. नाकानं श्वास घेतो आहे. पाय हलत नाहीत.

दुपार. गाडीची शिटी.

तिचीच पावलं. डावी टाच घासते. कान अजून कोरडे आहेत माझे —

वही खिडकीतून टाकली तर — हात तिथवर —

ओरडलो. तोंडातून पाणी आलं, मग वाळू.

खाली मादाम गोड आवाजात काही सांगते आहे. चौकटीवर पेन्सिल —

क्लोतिल्द हसते आहे. म्हणते आहे, बाई, माझं डोकं अजून व