न खाजवण्याची वीस मिनिटं

३ मार्च

मुंगी नर्सबाईंना चावली. मनगटाच्या जरा वर, दातांची पूर्ण रांग उमटली. ॲलर्जीची चाचणी परत अर्धवट. ही दुसरी वेळ.

ताईने लेकीला उचललं आणि तडक पायऱ्या उतरली. मुंगीची एक चप्पल आतच. मी चप्पल घेऊन मागे. खाली एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसला होता — वाकडी काडी चिमट्यात धरून नुसत्या अंगठ्याने अशी कमानीत आणत होता की मी बघतच राहिले. ताई कोपऱ्यावरून ओरडली तेव्हा भानावर आले.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, चाचणी पुरी झाल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. म्हणजे मुंगीला अंडं बंद, दूध बंद, दाणे बंद, मासे बंद, कुणाच्या घरचं काहीही बंद. गेल्या वर्षी शेजारच्या वाढदिवसाला तिचे ओठ सुजले, श्वास अडकला. तेव्हाच ताईने नोकरी सोडली. रोज शाळेच्या फाटकासमोर बाकावर बसते, मांडीवर औषधाचं इंजेक्शन. पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. भाऊजी परगावी कामाला, रविवारी येतात, तेव्हा कुठे ती झोपते.

मी दोन दिवसांसाठी आले होते.

५ मार्च

भांडायला गेले आणि नोकरी घेऊन आले!

नर्सबाईच म्हणाल्या होत्या, "ते टोचायचं साधन मागच्या गल्लीतल्या कारखान्यात बनतं. त्यांना जाऊन सांगा की, मला काय सांगता." गेले. पत्र्याची शेड, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, आणि टेबलावर भिंगात डोळा घालून बसलेले एक इंजिनिअर. मी मनसोक्त बोलून घेतलं. लहान मुलांचे हात म्हणजे काय पिनकुशन आहे का, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हात दाखवा."

"कशाला?"

"चांगला आहे. कोरा आहे. आमच्या सगळ्यांचे भरले."

खरंच, तिथे प्रत्येकाच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल ठिपके. कमी दुखणारं साधन बनवायचा त्यांचा प्रयत्न चाललाय आणि करून बघायला हात उरले नाहीत. तर माझं काम — साच्यातून निघालेले नग वेचायचे आणि हात द्यायचा. साहेबांचं नाव मी टोकसाहेब ठेवलंय. त्यांच्या लेखी जगात फक्त टोकं आहेत, बोथट आणि बरी.

ताई म्हणाली, "तुला ठेवलं? टिकशील किती?"

"मुंगीची चाचणी होईपर्यंत."

"पायाला भिंगरी घेऊन जन्मलेली तू."

बंदरावरच्या मैत्रिणीला कळवलं, होडीवर तिकिटं फाडायची जागा माझ्यासाठी धरून ठेव, एप्रिलमध्ये येते. पाठपिशवी दाराआड तशीच भरलेली आहे. सोडलेली नाही.

९ मार्च

साधन दिसायला फणीसारखं आहे. आठ पाय. प्रत्येक पायाला बारीक टोकं, प्रत्येक पाय वेगळ्या थेंबात बुडवायचा — अंडं, दूध, दाणे असे — आणि फणी हातावर दाबायची. जे सोसत नाही तिथे कातडी फुगून गांध उठते. आमच्याकडे दोनच थेंब वापरतात. एक मिठाचं पाणी, त्याने काही उठता कामा नये. दुसरा खाजेचा थेंब, तो कुणालाही उठतोच. तो उठला तर समजायचं, टोचणं नीट झालंय.

टोकसाहेब रोज टोकं आखूड करतात. दाबतात. विचारतात, "दहापैकी किती दुखलं?" परवा दोन. काल एक. आज मी म्हटलं, "शून्य," तर माणूस खुर्चीवरून उठलाच. वीस मिनिटांनी बघतो तर खाजेच्या थेंबाखाली हात सपाट. गांध नाही, ठिपका नाही. दुखलं नाही कारण टोचलंच नव्हतं.

असली गुळगुळीत फणी मुंगीला लावली असती तर सगळं सपाट आलं असतं. सगळे म्हणाले असते, खा बाई, काय हवं ते खा.

टोकसाहेबांनी अख्खी रास भट्टीत टाकली. "असलं शून्य मला नको," म्हणाले. आवडले मला.

१२ मार्च

शेडमागे मांजरीला तीन पिल्लं झाली. दुपार तिकडेच गेली. बोलणी खाल्ली.

१४ मार्च

सापडलं! मला सापडलं!

फणी दाबली की टोकसाहेब आकडा विचारतात, गजर लावतात आणि चहाला जातात. रोज. गजर वाजला की मोजपट्टी घेऊन हजर. मधल्या वेळात मी आणि माझा हात.

टोचणं काहीच नाही, डास परवडला. खरं पुढेच. आधी गुदगुली, मग चुरचुर, मग असं वाटतं की कातडीच्या आतून कुणीतरी लोकरीचा मोजा विणतंय. आणि खाजवायचं नाही. खाजवलं की थेंब एकात एक मिसळले, चाचणी फुकट. मी दुसऱ्या हातावर बसले. पत्र्याचे खिळे मोजले. मांजरीला नावं ठेवली, मग पिल्लांना ठेवली. मला एरवी पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, हे तर घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

टोकसाहेब आले. "किती म्हणालात? दोन?"

"टोचायचं दोन. वाट बघायचं अकरा."

"वाट बघायचं कोण मोजतं?"

"कुणीच नाही. तुम्ही चहाला जाता."

त्यांनी बाही वर करून हात पुढे केला, "दाबा." मी दाबली. आणि मी चहाला गेले. परत आले तर साहेबांनी दुसरा हात गुडघ्यांत आवळून धरलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"अकरा नाही," म्हणाले. "साडेनऊ."

येताना दवाखान्यात डोकावले. नर्सबाईंना विचारलं, मुंगी नेमकी चावली कधी? "टोचताना नाही हो. तेव्हा नुसती रडली. चावली ती मी तिचा मोकळा हात दाबून धरला तेव्हा."

मग! सगळी दुनिया टोकाच्या मागे लागलीये, आणि गोष्ट आहे मोकळ्या हाताची.

१७ मार्च

फळांच्या खोक्याला भोक पाडून पेटी केली. आत हात घालायचा, म्हणजे खाजवताच येणार नाही. मोठ्या तोऱ्यात घरी नेली. मुंगीने वाकून आत बघितलं. "हे कुत्र्याचं घर आहे," म्हणाली आणि लाथ मारली. पेटी गेली.

टोकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "आत दिसत होतं का? दिसत नाही तिथे मूल हात ठेवत नाही. मीही नसता ठेवला." हे मला का सुचलं नाही? चिडले स्वतःवर. दहा मिनिटं.

मग तो छत्रीवाला आठवला. तसल्या काड्यांच्या कमानी आणि वरून पारदर्शक शीट. शीट टोकसाहेबांनी तापवून एका दमात वाकवली, सुरकुती नाही. बोगदा झाला. हात आत ठेवायचा, कशालाही लागत नाही, सगळं दिसतं, दोन्ही तोंडं उघडी. एका तोंडाशी मी पंखा लावला — खेळण्यातला, दांडी फिरवायचा. गार वारा आला की खाज उतरते. आणि दांडी कोण फिरवणार? मोकळा हात! त्याला काम मिळालं की तो खाजवायला येत नाही.

टोकसाहेबांनी मला इतक्या जोरात टाळी दिली की ठिपके दुखले.

२१ मार्च

टोकसाहेबांना शंका — वाऱ्याने गांधच लहान उठली तर? परत खोटं शून्य. चार दिवस सगळ्यांचे दोन-दोन हात टोचले, एक बोगद्यात वाऱ्यावर, एक टेबलावर. मोजपट्टी लावून लावून डोळे फुटायची वेळ आली. फरक नाही. खाज कमी, गांध तेवढीच!

डॉक्टरीणबाईंनी बोगद्यात स्वतःचा हात घालून बघितला. "अंगाला काही लागत नाही ना? मग माझी हरकत नाही. टोचायचं साधन मात्र आमचं नेहमीचंच." तारीख मिळाली, दोन एप्रिल. आठवडाभर आधी मुंगीची सर्दीची गोळी बंद, नाहीतर काही उठणारच नाही.

२४ मार्च

घरी न टोचता सराव. मुंगीने हात ठेवला, दांडी फिरवली, छान. मग म्हणाली, "मावशी, तुझ्या हाताचं घर कुठाय?"

"मला कशाला? चाचणी तुझी आहे."

"मग मलापण नको."

"अगं, मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात आणि मग लांब जाऊन बसतात."

ताई भांडी घासता घासता हसली. किती दिवसांनी! "बोला आता, इंजिनिअरीणबाई." टोकसाहेबांनाही चहाला जायचीच सवय होती. उद्या बोगदा रुंद करायचा. दोन हातांचा.

२७ मार्च

आज एक गंमत. बाजारातून आले तर ताई आरशासमोर, पाठीवर माझी पिशवी. पट्टे घट्ट करून बघत होती. मला बघून झटकन उतरवली.

"जड आहे गं. काय भरतेस एवढं?"

"काहीच नाही. दोन कपडे."

"समुद्र पहाटेचा कसा दिसतो?"

म्हटलं, राखाडी. मग ऊन आलं की एकदम नसतो. तिने "हं" केलं आणि कांदा चिरायला बसली. पुढे मी होडीवरच्या त्या दाढीवाल्या कप्तानाची गोष्ट सांगितली, ती ऐकली की नाही कोण जाणे.

२ एप्रिल

बसून लिहिते, नाहीतर राहून जाईल.

नर्सबाईंनी बाही मनगटापर्यंत ओढली होती. "आज पोट भरून आलीस ना गं?" मुंगी लाजली. तिच्या हातावर आठ थेंब. माझ्या हातावर एकच, खाजेचा. टोचताना ती रडली, पण ओठ मिटून. दोघींचे हात बोगद्यात, शेजारी शेजारी. टोकसाहेब बाहेर बाकावर, ताई आत भिंतीशी, डोळे मिटून.

मुंगी दांडी फिरवत होती. "मावशी, तुझी आली?"

"आली. तुझी?"

"माझी कोपराजवळ. खाजवूया?"

"तू खाजवलीस तर मी पण खाजवणार."

तिने विचार केला. "मग नको." आणि दांडी आणखी जोरात.

अर्ध्या वाटेवर दांडी निसटली. तिच्या मुठीतच आली! पंखा थांबला. तिने दांडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. दांडी खाली पडली. मोकळा हात बोगद्याच्या तोंडाशी आला. नर्सबाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या, कारण धरलं की काय होतं हे त्यांना आता माहीत.

ताई उठली. टेबलावरचा पुठ्ठा घेतला, बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली आणि वारा घालायला लागली. मुंगीने हात मागे घेतला आणि आईच्या पुठ्ठ्याला लावला. दोघी मिळून घालत होत्या. मला पण वारा लागत होता. ताईचा हात भरून आला असेल, तरी तो थांबला नाही. गजर वाजला तेव्हा मुंगी म्हणाली, "एवढंच?"

डॉक्टरीणबाईंनी मोजलं. खाजेच्या थेंबाला गांध, ती यायलाच हवी. मिठाचं पाणी सपाट, ते तसंच हवं. अंडं सपाट. दूध सपाट. दाणे, मासे, गहू सपाट. शेवटचा थेंब — वाटाण्याएवढी गांध.

"तीळ."

"तीळ?" ताई म्हणाली. "तीळ कुठून?"

"त्या वाढदिवसाला काय काय होतं?"

"केक. मी केकलाच धरून बसलेय वर्षभर. सरबत, वेफर्स, लहान पाव..." ताई थांबली. "पावावर होते."

मग ती खालीच बसली, फरशीवर. मुंगी तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, गांध उठली की नाही एवढ्यावरच जायचं नाही. तीळ पक्के बंद, इंजेक्शन जवळ हवंच. बाकीचं आधी दवाखान्यात त्यांच्या समोर, थोडं थोडं.

टोकसाहेब दांडीचा स्क्रू खिशात घालून गेले. तोंड असं की कुणी मेलंय. उद्या दुहेरी पिनेची दांडी येणार, मी ओळखते त्यांना.

७ एप्रिल

दवाखान्यात अंडं. काही झालं नाही. मुंगीचं मत — "उशीसारखं लागतं." अजून द्या म्हणाली.

१० एप्रिल

दूध, दाणे, मासे, सगळं पार. शाळेच्या बाईंना इंजेक्शन कसं द्यायचं ते नर्सबाईंनी शिकवलं. ताई फाटकाशी गेली, बाकाकडे बघितलं, आणि न बसता परत आली. दिवसभर घरात फिरत होती. हे उचल, ते ठेव.

बंदरावरून मैत्रिणीचा निरोप, जागा सोमवारपर्यंतच धरते म्हणे. टोकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जा. हात बरा होईल." मग बराच वेळ भिंगच पुसत होते.

१३ एप्रिल

सकाळी दाराआड पिशवी नाही.

ताई घराच्या फाटकाबाहेर, पिशवी तिच्या पाठीवर, डोक्यावर माझी टोपी. म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीशी बोललेय, तुझ्याऐवजी मी येतेय म्हणून. ह्यांनाही सांगितलंय. अंडं पूर्ण उकड, कच्चं ठेवू नकोस. पाव आणलास तर वर बघून आण."

"ताई! किती दिवस?"

"तू कधी सांगून गेली होतीस?"

बस आली. चढली. वळणावर खिडकीतून हात बाहेर आला — चार बोटं. चार दिवस की चार आठवडे, कळलं नाही.

पाणी उकळतंय. मुंगी टेबलाशी, चमचा हातात. विचारतेय, अजून किती वाट बघायची. म्हटलं, बस, मी आहे ना इथे.